मानवी शिक्का

केतकी तिसरं वाक्य लिहून संपवते न संपवते, तोच पडद्यावर लाल अक्षरांत जसंच्या तसं तेच वाक्य उमटलं.

"यंत्राला आधीच सुचलं होतं गं हे!" डिचोलकर बाई कळवळून म्हणाल्या. "जे यंत्राला आधी ओळखता येत नाही, तेवढंच माणसाचं, असा कायदाच आहे. आता एकच संधी उरली. मानवी शिक्का नाही, तर शाळेच्या हस्तलिखितात नाव नाही."

आणि केतकीचा तर सगळा जीव त्या हस्तलिखितात! विषय होता 'माझी आई'. आई डबा भरताना गुणगुणते, हे यंत्राला ठाऊक. चिडली की भांडी आदळते आणि मग स्वतःच हसते, हेही ठाऊक. केतकीच्या पहिल्या बोबड्या बोलापासून घरातही कान देऊन बसलेलं ते मेलं यंत्र! तिचं प्रेम त्याला पाढ्यांसारखं पाठ होतं.

शेवटी दातओठ खाऊन तिने लिहिलं, 'आई घरात नसली की मला मोकळं वाटतं.'

पडदा हिरवागार झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! अगदी मानवी!"

पालकसभेला आलेल्या आईने हस्तलिखित उघडलं. लेकीचं नाव पाहून ती फुलली आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरत गेला.

"खोटं आहे गं ते सगळं," केतकी तिचा हात घट्ट धरून म्हणाली.

"मग खरं लिहायचंस ना, बाळा."

"खरं लिहिलं की ते माझं धरत नाहीत, आई."