पिवळ्या चिवराचा काठ

भर दुपारी विहाराच्या फाटकाशी गाडी थांबली आणि तिच्यातून जे माणूस उतरलं, त्याला थोंगबाईनं ओळखलंच नाही. डोक्यावर एक केस नव्हता. भुवयासुद्धा नव्हत्या. अंगात पायघोळ काळा झगा, छाती भरलेली, कानांत मोत्यांचे डूल. मांडवात चितेसाठी चंदनाच्या सालीची फुलं वळत बसलेल्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले. मग थोंगबाईनं त्याची चाल पाहिली आणि ती ओळखली. पाऊल किंचित आत टाकत चालणारं हे लेकरू तिच्याच पोटचं होतं.

नऊ वर्षांनी दिसत होतं. ते पहिल्यांदा बाईचे कपडे घालून घरी आलं, त्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, खामसिंगनं, पोटच्या एकुलत्या एक मुलाला पिशवीसकट रस्त्यावर काढलं होतं. थोंगबाई तेव्हा कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती दाणेच टाकत राहिली. पुढं गावातल्या कोणीतरी येऊन सांगितलं, तुमचा सक पट्टायाला केशकर्तनालयात आहे, स्वतःचे केस कमरेपर्यंत वाढवलेत, बघत राहावेत असे. थोंगबाईनं तेव्हाही विषय बदलला होता.

आता खामसिंग पेटीत निजला होता आणि ते केस कुठंच नव्हते.

लेकरू समोर आलं, गुडघे टेकून बसलं आणि तिच्या पायांशी डोकं ठेवलं. "आई, आले मी. उशीर नाही ना झाला?"

"केस कुठं गेले?" थोंगबाईच्या तोंडून एवढंच निघालं. नवरा गेलाय, लेकरू नऊ वर्षांनी दारात आलंय, आणि ही बाई केसांचं विचारतेय!

"काकांचा फोन आला होता. मुलगा म्हणून येणार असशील तर ये, नाहीतर तोंड दाखवू नकोस, म्हणाले. भिक्खू व्हायचं तर भुवयाही काढाव्या लागतात, म्हटलं, तिकडंच काढून टाकाव्यात. इथं वेळ नको मोडायला."

थोंगबाईनं दिराकडे, उडोमकडे पाहिलं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मग काय चुकलं माझं?" उडोम उसळला. "दादाला दुसरा मुलगा आहे का? आणायचा कुठून?"

खोटं नव्हतं ते. चितेपुढं मुलानं एका दिवसापुरतं का होईना भिक्खूचं चिवर अंगावर घ्यायचं आणि त्याचा पिवळा काठ धरून बापानं स्वर्गात जायचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गेले तीन दिवस थोंगबाईला एकच घोर लागला होता, की हा माणूस काठ धरणार कोणाचा.

"आणि छातीचं काय करायचं?" मागून कोणीतरी खुसखुसलं.

"घट्ट बांधून घेईन," लेकरू शांतपणे म्हणालं. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. बाबांना धरायला काहीतरी हवंच ना."

ज्यानं उंबऱ्याबाहेर काढलं, त्याच्यासाठी हे पोर भुवया उतरवून आलं होतं. आणि आपण साधं एक पत्र पाठवलं नाही. तिला स्वतःची एवढी लाज वाटली, की मान वर करवेना.

म्हातारे भन्ते तबक घेऊन आले. तबकात दोन घड्या होत्या, एक पिवळी, एक पांढरी. त्यांनी त्या मुंडण केलेल्या डोक्याकडे पाहिलं, डुलांकडे पाहिलं आणि तबक थोंगबाईपुढं धरलं.

"मुलगे पिवळं नेसतात, मुली पांढरं. आई देईल ते आम्ही नेसवतो. तीनला अग्नी द्यायचाय, बाई. लवकर ठरव."

थोंगबाईचा हात पिवळ्या घडीवर गेला. क्षणभर तिथंच थांबला. मग तिनं पांढरी घडी उचलली.

मांडवात एकच गलका झाला. उडोम धावत पुढं आला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? दादा धरणार काय मग? अधांतरी लोंबकळत राहील तो!"

थोंगबाई भ्यायली नव्हती असं नाही. चाळीस वर्षं ज्याच्यापुढं ताट वाढलं, त्या माणसाची वाट आपण बंद करतोय की काय, असं तिला वाटत होतं. पण बोलली ती ठणकावून.

"नऊ वर्षं त्यानं हिचा हात धरला नाही. मीही नाही धरला. वर जायचं असेल तर हिचं पांढरं धरून जाईल. नाहीतर बसू दे वाट बघत. मी आले की जाऊ दोघं."

"आई, नको गं," लेकरू आता पहिल्यांदाच रडलं. "मी घालते ना पिवळं. मला चालेल, खरंच चालेल."

"मला नाही चालणार," थोंगबाई म्हणाली आणि ती घडी लेकीच्या हातांवर ठेवली.

कर्ण्यावर पुकारा करणारा माणूस माइक घेऊन घाईघाईनं आला. मयतासाठी वस्त्र कोण घेतंय ते साऱ्या गावाला ऐकवायचं असतं. त्याच्या कागदावर 'सक, मयताचा मुलगा' असं लिहिलेलं होतं. त्यानं ते पेनानं खोडलं आणि माइक थोंगबाईपुढं धरला.

"मावशी, मुलगी म्हणून सांगतो. नाव काय घेऊ?"

थोंगबाईनं तोंड उघडलं. जिभेवर जुनं नाव आलं, ते तिनं गिळलं. दुसरं नाव असणारच. नऊ वर्षं कोणीतरी त्या नावानं हिला हाका मारत असणार, जेवायला बोलावत असणार. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. ती लेकीकडे वळली. माइक चालूच होता.

"पोरी," ती म्हणाली, "तुझं नाव काय गं?"