तिसऱ्या मजल्यावरचा सराव

भोंगा वाजला आणि क्रुग सरांच्या वर्गातली एकोणीस मुलं दप्तरं तिथेच टाकून जिन्याकडे धावली. विसावी जागची हलली नाही. थियाची चाकांची खुर्ची जिना उतरत नाही, आणि अशा वेळी लिफ्ट बंद ठेवायची हा विद्यापीठाचा नियम.

भोंगा नुसता सरावाचा होता. कुणी माथेफिरू बंदूक घेऊन इमारतीत शिरला तर काय करायचं, याची उजळणी दर सप्टेंबरात होते, फुटबॉलच्या पहिल्या सामन्याच्या आधीच्या आठवड्यात. ज्यांना पळता येतं त्यांनी पळायचं, कुणासाठी थांबायचं नाही. ज्यांना येत नाही त्यांनी दिवे मालवून, दार लावून लपायचं. दाराला कुलूप मात्र फक्त बाहेरून लागायचं, आणि त्याची किल्ली क्रुग सरांच्या खिशात होती.

सर दाराबाहेर गेले, किल्ली काढली. कुलूप लावून खाली जायचं, एवढंच काम. बत्तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवणारा हा माणूस तसा मनाचा घट्ट, पण हात काही पुढे होईना. शेवटी ते परत आत आले. दार त्यांच्यामागे आपोआप मिटलं. त्यांनी दिवे मालवले आणि थियाच्या शेजारी स्टूल ओढून बसले. बसल्यावर त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटलं.

"सर, तुम्ही का थांबलात?" थियाने कुजबुजत विचारलं.

"मग काय, तुला एकटीला टाकून जाऊ?"

"म्हणजे आता आपण दोघंही मरणार."

"थिया!"

"ओरडू नका. लपलोय ना आपण."

ती तशीच हळू आवाजात बोलत राहिली. "आई म्हणते, मी रोज येऊन वर्गाबाहेर बसते. आपल्या वर्गातली रोझलिन म्हणते, मी तुला पाठीवर घेईन. तिला स्वतःचं दप्तर झेपत नाही. आता तुम्ही. माझ्याजवळ बसायला सगळे तयार आहेत, सर. दाराला आतून एक कडी लावून द्यायला कुणी तयार नाही. तीन अर्ज केलेत मी."

त्यातल्या एका अर्जावर खाली क्रुग सरांची सही होती. सही करून त्यांनी तो वरच्या साहेबांकडे पाठवला होता आणि विसरूनही गेले होते. आता अंधारात त्यांना त्याची लाज वाटली.

तेवढ्यात दार उघडलं. टॉबिन आत आला. पोलिसातून निवृत्त होऊन विद्यापीठाच्या सुरक्षा खात्यात आलेला धिप्पाड गडी. सरावात हल्लेखोर तोच आणि परीक्षकही तोच. त्याने दिवे लावले, दोघांना पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"काय हे सर! पोरं बेचाळीस सेकंदांत खाली पोचली, आणि तुम्ही इथे बसलाय? आता मला दोन मेलेले लिहावे लागणार."

"हिला कडी का बसवून देत नाही तुम्ही?"

"आगीच्या नियमात बसत नाही. आणि कडी हवी कशाला? दार धरून ठेवता येतं. अगदीच नाही जमलं तर लपता येतं. कागदावर लिहिलंय सगळं."

"कुणी लिहिलंय?" थियाने विचारलं.

"मीच की."

"मग एकदा करून दाखवा ना, साहेब. तुम्ही आत, आम्ही बाहेर. मी दहा मोजते. आणि पळायचं नाही हं."

टॉबिन हसला. मनाने वाईट नव्हता तो. "चल, होऊन जाऊ दे," म्हणाला आणि त्याने स्वतःच दिवे मालवले.

थिया खुर्ची वळवून बाहेर आली, मागोमाग सर. दार मिटलं. ती मोठ्याने मोजू लागली. एक. दोन. आतून दारावर तळहात फिरल्याचा आवाज आला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाहेर ओढायला मूठ होती, आत ढकलायला नुसता गुळगुळीत पत्रा. धरणार तरी काय? तळहात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पाच. मग जड बुटांची धावपळ ऐकू आली. एक स्टूल पडलं. सात. त्यानंतर काहीच नाही. पुरे आता, असं सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"दहा," थिया म्हणाली. तिने दाराच्या मुठीत दोन बोटं अडकवून ती ओढली. दार उघडलं.

आधी आत कुणी दिसेना. मग सरांना तो दिसला. शेवटचा बाक आणि भिंत यांच्यामधल्या फटीत टॉबिन गुडघ्यांवर बसला होता, अंग चोरून, डोकं दोन्ही हातांत घालून. सराव आहे हे तिघांनाही ठाऊक होतं, तरी त्याचा श्वास दारापर्यंत ऐकू येत होता. सरांना हसू आलं नाही.

टॉबिनने डोकं वर केलं. "बघ," तो तिथूनच म्हणाला, "लपायला जागा आहे की."

थियाने दारातूनच त्या फटीकडे पाहिलं.

"तिथे माझी खुर्ची जात नाही, साहेब."