सदतिसावा फोटो

रोल संपला की थांबावं, एवढी अक्कल सोनमला नव्हती. छत्तीस फोटो झाले तरी ही बया कॅमेऱ्याचा दांडा जोर लावून ओढायची आणि सदतिसावा उकरून काढायला बघायची. नवऱ्याच्या, आप्पासोंच्या, पलूसच्या स्टुडिओत उभी हयात रोल धुतलेल्या दगडाबाईंना नातीची ही हाव बघवत नसे.

आप्पासोंचा ताप चार दिवस हटत नव्हता. त्या दुपारी पडवीतल्या बाजेवर पडलेल्या आजोबांवर सोनमनं अख्खा रोल संपवला. छत्तीसला दगडाबाईंनी कॅमेरा हिसकावूनच घेतला. संध्याकाळी ताप उतरला.

स्टुडिओ कधीच बंद पडलेला, म्हणून सांगलीला धाडलेला रोल आठवड्यानं धुऊन आला. सोनमनं निगेटिव्हच्या पट्ट्या खिडकीशी धरल्या आणि आजीला हाक मारली.

"आजी, ही पाठमोरी बाई कोण? फाटकापासनं आत येतीया. पार आजोबांच्या बाजेपतुर आली."

त्या दुपारी घरात आजी-नातीशिवाय बाईमाणूस नव्हतं. दगडाबाईंनी पट्ट्या हातात घेतल्या. शाळा दुसरीतच सुटलेली, पण रोलच्या कडेचे आकडे त्यांना कधी चुकले नव्हते.

"अगं खुळे, शेवटची पट्टी आधी धरलीस. आकडा वाच की. ती येत न्हाई, निघालीया."

बाहेर आप्पासो चहात बटर बुडवून खात होते. दगडाबाईंचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी छत्तिसावा फोटो उजेडाला लावला. बाईचा हात फाटकाच्या कडीवर होता आणि मान अर्धी मागं वळली होती.

"आणि तू अजून एक काढणार हुतीस," त्या सोनमला म्हणाल्या. "जाणाऱ्याला मागनं हाक मारत्यात व्हय गं, सटवे?"