खिडकीतलं बोट

काचेआड बोट दिसलं आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपला संशय खरा होता तर!

ते स्वतःच्याच दुकानासमोरच्या फुटपाथवर, एका टेम्पोच्या आडोशाला उभे होते. नजर पहिल्या मजल्याच्या खिडकीवर. तिथे त्यांच्या दुकानाचा बायकांच्या कपड्यांचा विभाग होता. खिडकीत दाटीवाटीने मांडलेल्या पुतळ्यांमुळे आतली माणसं दिसत नव्हती, पण एक हात वर आला तो स्वच्छ दिसला. हाताचं बोट रस्त्यापलीकडे रोखलेलं होतं. रस्त्यापलीकडे, मालकांच्या अगदी पाठीशी, बायकांच्या कपड्यांचं ते नवं दुकान होतं.

वडिलांच्या वेळेपासूनचं त्यांचं दुकान. खाली पुरुषांचे कपडे, तिथे अजून गिऱ्हाईक टिकून होतं. वर मात्र विक्री बघणाऱ्या मावशी माशा मारत बसायच्या. बायका जिना चढायच्या, रिकाम्या हाताने उतरायच्या आणि थेट समोर जायच्या. आधी मालकांना वाटलं, मंदी आहे. पण मंदी काय खालचा मजला सोडून फक्त जिना चढते? मग एकदा गल्ल्यावरच्या कारकुनाने कान भरले. "पाणी कुठेतरी मुरतंय, मालक. मावशी प्रत्येक बाईला खिडकीशी नेतात आणि काहीतरी कुजबुजतात."

एकदा डोक्यात किडा शिरला की संपलं. मावशी हसल्या, तर का हसल्या? जेवायच्या सुट्टीत बाहेर गेल्या, तर कोणाला भेटल्या? पायात नव्या चपला आल्या, त्या कोणी घेऊन दिल्या?

मालाबद्दल मात्र मालकांना कधी शंका आली नाही. मालाची निवड त्यांची स्वतःची होती. नवा नमुना आला की ते तो ऑफिसातल्या पुतळीला घालायचे, तिच्याभोवती दोन चकरा मारायचे आणि मान डोलावून ऑर्डर द्यायचे. वडीलही असंच करायचे. पुतळीने आजवर एकदाही तक्रार केली नव्हती. "मालक, एकदा बायकांना विचारून माल घेऊ या ना," असं मावशींनी सुचवून पाहिलं होतं. "तुम्ही विकायचं बघा, घ्यायचं मी बघतो," असं उत्तर त्यांना मिळालं होतं.

म्हणून आज त्यांनी सुनेला वर पाठवलं होतं. लग्न परगावी झालं होतं, मावशींनी तिला पाहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक होऊन जायचं आणि ती बाई काय बोलते ते ऐकायचं, एवढंच काम. सून का कू करत होती. "मी नको, बाबा. आईंना पाठवा ना," ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, मालकांची बायको.

"तिला मावशी चांगल्या ओळखतात. तूच जा."

नवी आहे, लाजते, असं मालकांनी मनाशी म्हटलं.

आता ते दोन-दोन पायऱ्या चढत वर पोचले. खिडकीशी सून होती. काउंटरवर उलगडलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता आणि मावशी त्याच्या घड्या घालत होत्या.

"मावशी, कपाटांच्या किल्ल्या ठेवा आणि घरी जा. उद्यापासून येऊ नका."

मावशींचे हात थांबले. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता, कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. मालकांना ते ठाऊक होतं.

"माझं काय चुकलं, मालक?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजता, आणि वर मलाच विचारता? गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानाकडे बोट दाखवताना मी या डोळ्यांनी पाहिलं. सूनबाई, सांग त्यांना, काय ऐकलंस ते."

सूनबाई म्हटल्यावर मावशींनी त्या मुलीकडे चमकून पाहिलं. नव्या सुनेला सासऱ्यांसमोर कशाला अडचणीत आणायचं, असं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि काउंटरवर ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

सुनेला ते बघवलं नाही.

"बोट माझं होतं, बाबा."

"काय?"

"यांनी मला सगळा माल दाखवला. अगदी मनापासून. मला काही पसंत पडेना, तेव्हा यांनी खिडकीशी उजेडात नेऊन विचारलं, की अंगावरचा ड्रेस कुठून घेतला आणि त्यात काय आवडलं. त्या प्रत्येकीला हेच विचारतात, असं म्हणाल्या. तुम्हाला सांगता यावं म्हणून. मी बोटाने दुकान दाखवलं."

मालकांनी सुनेच्या ड्रेसकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. छान होता. मान्य करणं जिवावर आलं तरी छान होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशयाला एकदा चटक लागली की तो उपाशी बसत नाही. मावशी सुटल्या, तर दुसरं कोणीतरी हवंच. आपलाच मुलगा? की तो कान भरणारा कारकूनच?

"तू तर या गावात नवी," ते डोळे बारीक करून म्हणाले. "तुला त्या दुकानाचा रस्ता दाखवला कोणी?"

सून काउंटरवरच्या एका कपड्याची घडी घालू लागली.

"आईंनी," ती म्हणाली. "त्या स्वतःचे सगळे कपडे तिथूनच घेतात. घरी आणताना तेवढे आपल्या दुकानाच्या पिशवीत घालतात, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."