सहाशे चौदावा भाग

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अंतराळयानाच्या मालिकेचा सहाशे चौदावा, शेवटचा भाग संपला. आई गेल्यावर बापलेकीचं ठरलं होतं: सगळे भाग क्रमाने पाहायचे, मग तिने परगावी नोकरीला जायचं. बाबांना डुलकी लागली, तर तो भाग पुन्हा लावायचा. डुलक्यांपायी एका वर्षाची तीन झाली. आता तिची बॅग दाराशी होती, टॅक्सी पाच वाजता येणार होती. “डोळा लागला होता गं,” बाबा म्हणाले. “काहीतरीच! संगीतावर तुमचा पाय ठेका धरत होता.” “पाय जागा असेल, मी नव्हतो.” तिने रिमोट उचलला. “कुठपासून झोपला होतात?” बाबांनी तिचं मनगट धरलं. “पहिल्या भागापासून.” ती हसली. बाबा हसले नाहीत. पाच वाजून दोन मिनिटांनी खाली हॉर्न वाजला. पडद्यावर पहिला भाग सुरू होता. बाबा टक्क जागे होते.