तुरुंगाच्या दारात

अमली पदार्थांच्या खटल्यात जामीन मिळालेला हिराजी तुरुंगाच्या दाराबाहेर आला. त्याची बायको कमळी पुढे धावली, पण पोलिसांनी मध्येच सरकारचा दुसरा हुकूम दाखवला: पुन्हा तस्करी करू नये म्हणून वर्षभर तुरुंगातच स्थानबद्ध. नवराबायकोला बोलताही आलं नाही.

अकरा महिने कमळीने वकिलाकडे खेटे घातले. अखेर हायकोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "स्थानबद्धतेची कारणं फक्त इंग्रजीत दिलीत. याला ती वाचता येतात का?" सरकारी वकिलांनी "नाही" म्हणून कबूल केलं. कारणं त्याला कळेल अशा भाषेत देणं कायद्याने बंधनकारक होतं, म्हणून हुकूम रद्द झाला.

"उद्या सोडतील, ताई. घरी जा," तिचे वकील म्हणाले.

"घरात अकरा महिने काढले, साहेब. आता तुरुंगाच्या दारातच बसते."

दुसऱ्या दिवशी हिराजी बाहेर आला. कमळीने उजव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं. एसटीत कंडक्टरने दिलेली तिकिटंही तिने डाव्या हाताने घेतली.