वीतभर पुस्तक

"पुस्तक परवा पुरलं," मिल्काबाई म्हणाल्या.

हितेंद्रच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. पुण्याच्या एका ग्रंथालयासाठी तो जुनी पुस्तकं तपासून घेत असे. या एका पुस्तकासाठी तो आज जळगावला उतरला होता.

"पुरलं म्हणजे?"

"दफन केलं. आमच्या ज्यू लोकांत पवित्र पुस्तक जीर्ण झालं की रद्दीत देत नाहीत. माणसासारखं जमिनीत ठेवतात."

"पण ते जीर्ण कुठं होतं, मावशी? फोटोत मी पान न् पान पाहिलंय. नुसता पुठ्ठा सुटला होता."

मिल्काबाईंनी त्याच्या हातातला पेला घेऊन बाजूला ठेवला. जळगावात त्यांनी छत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावात आता त्यांच्या समाजाचं दुसरं घर नव्हतं.

हितेंद्रला राहवेना. पावणेतीनशे वर्षांपूर्वी व्हेनिसला छापलेलं पुस्तक. कब्बाला या ज्यूंच्या गूढ परंपरेतल्या प्रार्थना. इतक्या जुन्या छपाईच्या चार प्रतीसुद्धा उरल्या नसतील.

"तुम्ही स्वतः देते म्हणाला होतात," तो म्हणाला. आवाज त्याच्या नकळत चढला. "मला एक फोन तरी करायचा. ते तुमचं एकटीचं नव्हतं हो."

"नव्हतंच," त्या म्हणाल्या.

"दोनच दिवस झालेत. अजून वाचवता येईल. जागा दाखवा मला."

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि चपला घातल्या.

रिक्षानं ते गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत आले. कोपऱ्यात ज्यूंच्या पाच-सहा कबरी होत्या. तिथली राखण करणारा अभिमन समोर आला. हितेंद्रनं त्याच्याकडे फावडं मागितलं.

"मावशी पुस्तक पुरून गेल्या ना, ते काढायचंय. वरवरच असेल."

अभिमननं मिल्काबाईंकडे पाहिलं. फावडं त्यानं दिलं नाही.

"वरवर नही, भाऊ. छातीइतकं खोल शे. आक्कानी सांगं तेवढं खंदेल शे."

हितेंद्र पुढं गेला. मिल्काबाईंच्या नवऱ्याच्या कबरीशेजारी ताज्या मातीचा उंचवटा होता. चांगला लांबलचक. उन्हानं माती वरून भुरकट झाली होती.

"एवढ्याशा पुस्तकाला एवढा खड्डा?" तो वैतागून म्हणाला.

मिल्काबाई खाली बसल्या. मातीतलं एक ढेकूळ त्यांनी बोटांनी फोडलं.

"माझा मुलगा एलियाझर तिकडं इस्रायलला होता. अश्दोदला. बावीस वर्षं. गेल्या सोमवारी कामावर असताना छातीत कळ आली त्याच्या. आमच्यात मयत ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मातीसुद्धा दिली. लढाईमुळं विमानं बंद. फोनवर दाखवतो म्हणाले. मी नको म्हटलं."

हितेंद्र त्यांच्याशेजारी मातीत बसला.

"घरात त्याचं काहीच उरलं नव्हतं. शर्ट नाहीत, वह्या नाहीत, सगळं मीच हळूहळू देऊन टाकलं. हे पुस्तक तेवढं होतं. बाप मांडीवर घेऊन त्याला यातूनच वाचायला शिकवायचा. ओळीखाली बोट फिरवून फिरवून पोरानं शाई पुसून डाग पाडले होते. तुम्ही विचारलं होतं ना फोनवर, हे डाग कसले म्हणून?"

हितेंद्रनं मान हलवली.

मिल्काबाईंनी उंचवट्याच्या एका टोकावर हात ठेवला. दुसरा हात लांब करून पाहिला. दुसऱ्या टोकापर्यंत तो पोचला नाही.

"खड्डा पुस्तकाच्या मापाचा नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याच्या मापाचा आहे."